एक्लिप्स कॉमिक्स: १६० डॉलरचा खोका, पाचपैकी पाच स्टार

मागच्या महिन्यात सॅन होजेजवळ एका आजोबांकडून जुन्या कॉमिक्सचा लाँग बॉक्स, म्हणजे अंक ठेवायचा लांब खोका, घेतला. साधारण २०० अंक आणि किंमत १६० डॉलर, म्हणजे अंकाला ८० सेंट पडले. त्यातले निम्म्याहून जास्त एक्लिप्स या अमेरिकन प्रकाशकाचे निघाले, बाकी फर्स्ट, पॅसिफिक, कोमिको असे सगळे बंद पडलेले प्रकाशक. कंपनीच उरली नाही तर रिव्ह्यू कशाला असं कोणी विचारेल, पण माल अजून बाजारात फिरतोय, स्वस्तात मिळतोय, आणि मराठीत यावर कोणी काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही म्हणून लिहितेय. लांब होणारे, चहा घेऊन बसा.

आधी माझं थोडं. साताऱ्यात वाढले, लहानपणी इंद्रजालचा वेताळ मराठीत वाचायचे, भावाच्या आधी माझ्या हातात अंक पडायचा. पण हे सगळं काढतं कोण, लिहितं कोण, पैसे कोणाला मिळतात हा प्रश्न कधी डोक्यात पण आला नव्हता. १९८७ ला लग्न होऊन इकडे आले, नवरा एमएस करत होता आणि मला व्हिसामुळे काम करायची परवानगी नव्हती. दिवस खायला उठायचा. आमच्या अपार्टमेंटमध्ये वॉशिंग मशीन नव्हतं, कपडे घेऊन कोपऱ्यावरच्या लाँड्रोमॅटला जायचं, आणि त्याच्या शेजारीच एक कॉमिक्सचं दुकान होतं. कपडे वाळेपर्यंत पाऊण तास काय करायचं म्हणून आत गेले, बाहेरच्या खोक्यावर २५ सेंट लिहिलेलं, आणि मशीनसाठी आणलेल्या क्वार्टरमधून दोन क्वार्टर खर्च करून दोन अंक घेतले. एक झॉट होता, एक्लिप्सचंच कॉमिक. त्या दिवशी कपडे अर्धे ओले घरी आणले.

आता मुद्द्यावर येते. एक्लिप्स १९७७ ला मलानी बंधूंनी, म्हणजे जॅन आणि डीन या दोघांनी, सुरू केली आणि १९७८ ला लेखक डॉन मॅकग्रेगर आणि चित्रकार पॉल गुलेसी यांचं सेबर नावाचं कॉमिक्सचं पुस्तक काढलं. तेव्हा अमेरिकेत पद्धत अशी होती की मोठ्या कंपनीसाठी तुम्ही पात्र तयार केलंत की ते कंपनीचं झालं, तुम्हाला पानामागे ठरलेले पैसे, विषय संपला. त्या पात्राचे पुढे खेळणी निघोत नाहीतर सिनेमे, तुमचा त्यात हक्क नाही. एक्लिप्सने सांगितलं की हक्क लेखक-चित्रकाराकडे राहतील आणि विक्रीवर रॉयल्टी मिळेल. आज हे ऐकायला साधं वाटतं, त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

आणि नुसतं बोलले नाहीत. स्टीव्ह गर्बर या लेखकाचं हॉवर्ड द डक या पात्राच्या हक्कांवरून मार्व्हलशी कोर्टात भांडण चालू होतं, वकिलाला द्यायला पैसे नव्हते, तर १९८२ ला एक्लिप्सने डिस्ट्रॉयर डक नावाचा अंक काढला, खास त्या खटल्याला पैसे उभे करायला. चित्रं जॅक कर्बीने काढली, तेच कर्बी ज्यांनी मार्व्हलचं अर्धं विश्व उभं केलं, आणि त्यांनी ती फुकट काढली. माझ्या खोक्यात तो अंक आहे. याच अंकात चित्रकार सर्जिओ आरागोनेसचा ग्रू पहिल्यांदा छापला गेला, वेंधळा, भुकेला, तलवार घेऊन फिरणारा. हा ग्रू पुढे पॅसिफिककडे गेला, ते बुडाले तर एक्लिप्सकडे एक स्पेशल अंक आला, मग मार्व्हलच्याच एपिक विभागात, आणि सगळीकडे हक्क आरागोनेसकडेच राहिले. प्रकाशक बुडाला तरी चित्रकार आपलं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जाऊ शकला, हक्काचा हाच तर फायदा.

कागद आणि छपाई: बऱ्याच अंकांना बॅक्स्टर नावाचा पांढरा जाड कागद वापरलाय. मार्व्हलचा अंक ७५ सेंटला मिळायचा तेव्हा असल्या कागदावरचे अंक दीड-पावणेदोन डॉलरला होते ते यामुळेच. आज चाळीस वर्षांनी फरक कळतो, त्याच खोक्यातले त्याच काळातले साध्या न्यूजप्रिंटचे अंक तपकिरी होऊन कडेला तुटायला लागलेत आणि हे अजून पांढरे आहेत. एक तक्रार मात्र आहे, रंग. जुनी रंगवायची पद्धत न्यूजप्रिंटसाठी होती, तिथे शाई शोषली जाऊन रंग मऊ दिसायचे, पांढऱ्या कागदावर तेच रंग अंगावर येतात, काही पानांवर जांभळा आणि हिरवा शेजारी शेजारी बघून डोळे दुखतात. पण दोन-तीन अंकांनंतर सवय होते.

झॉटबद्दल मला जास्त लिहायचंय. स्कॉट मॅक्लाउडने १९८४ ला सुरू केलं, १९९१ पर्यंत ३६ अंक, पहिले १० रंगीत आणि अकराव्यापासून ब्लॅक अँड व्हाइट. जेनी नावाची मुलगी आपल्या साध्या पृथ्वीवर राहते आणि झॉट हा मुलगा दुसऱ्या पृथ्वीवर, जिथे कायम १९६५ साल असतं, गाड्या उडतात आणि सगळं छान असतं. जेनीला तिकडे जाऊन कायमचं राहायचंय, तिला आपली पृथ्वी आवडत नाही. मी २३ वर्षांची, परक्या देशात, भाषा येते पण बोलायला कोणी नाही, आणि एक मुलगी पानावर म्हणतेय मला इथून जायचंय. मला तेव्हा साताऱ्याला जायचं होतं, म्हणजे माझी १९६५ ची पृथ्वी मागे होती आणि तिची बाजूला, पण हुरहूर तीच.

शेवटच्या ९ अंकांत, २८ ते ३६, झॉट जेनीच्या पृथ्वीवर अडकतो आणि परत जाता येत नाही. मग मारामारी जवळजवळ संपते. शाळा, भांडणारे आईवडील, एकटी पडलेली पोरं. ३३ वा अंक जेनीच्या मैत्रिणीचा, टेरीचा, तिला मुली आवडतात आणि ते ती कोणाला सांगू शकत नाही. शाळेच्या कॉरिडॉरमधल्या त्या चौकटी, कोण कोणाकडे बघतंय आणि कोण नजर टाळतंय एवढंच, आणि शेवटच्या पानापर्यंत श्वास अडकतो. मॅक्लाउडने जपानी कॉमिक्सचा अभ्यास केला होता ते यात दिसतं, शांत चौकटी, पाऊस, रिकामा रस्ता, घाई नाही. सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये असं करू देणारा प्रकाशक पाहिजे आणि तो त्याला मिळाला. हे ९ अंक मी या ३५ वर्षांत किती वेळा वाचलेत सांगता येणार नाही.

जपानीवरून आठवलं, आज मुलं मांगा मांगा करतात, दुकानात भिंतीच्या भिंती भरलेल्या असतात, पण अमेरिकेत नियमित इंग्रजी मांगा आणणाऱ्या पहिल्या लोकांत एक्लिप्स होती. १९८७ च्या मेपासून विझ या मांगा प्रकाशकाबरोबर मिळून एरिया ८८, माई द सायकिक गर्ल आणि द लेजंड ऑफ कामुई असे तीन मांगा दर पंधरा दिवसांनी निघायला लागले. पानं आरशातल्यासारखी उलटवून छापली म्हणजे डावीकडून वाचता येईल, त्यामुळे तलवारी डाव्या हातात दिसतात, खटकलं तरी चालवून घ्या. कामुई तर घ्याच, त्याचा चित्रकार शिराटो, त्याचे समुद्र आणि मासेमारीची पानं बघताना मला कोकणातला मामाचा गाव आठवायचा, तशीच होडी ओढणारी माणसं, तसेच पाय वाळूत रुतलेले.

मिरॅकलमॅनवर थोडक्यात, कारण त्याच्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलंय. ब्रिटनमधलं मार्व्हलमॅन नावाचं सुपरहिरो कॉमिक, ॲलन मूरने नव्याने लिहिलेलं, नावावर मार्व्हलने हरकत घेतल्यामुळे नाव बदलून एक्लिप्सने १९८५ पासून काढलं. अप्रतिम आहे, पण भयंकर पण आहे, १५ वा अंक झोपायच्या आधी वाचू नका. २४ व्या अंकावर, १९९३ ला, एक्लिप्सकडून थांबलं, २५ वा तयार असून निघाला नाही. पुढे मार्व्हलने २०१४ पासून पुन्हा छापलं आणि त्यात मूरने आपलं नाव घालू दिलं नाही, तिथे नुसतं मूळ लेखक असं लिहिलंय. जुने अंक महाग झालेत, विशेषतः १५ वा, त्यामुळे फक्त वाचायचं असेल तर नवीन छपाई घ्या.

आता बुडाले कसे. एक तर फेब्रुवारी १९८६ चा पूर. कॅलिफोर्नियात गर्नव्हिल नावाच्या गावी ऑफिस होतं, रशियन रिव्हरच्या काठी, नदीला पूर आला आणि ऑफिस आणि मागच्या अंकांचा साठा पाण्यात गेला. छोट्या प्रकाशकाचा साठा म्हणजे त्याची बँक असते, दुकानं हळूहळू मागवतात आणि दर महिन्याला थोडे पैसे येत राहतात, ते एका रात्रीत बंद. तरी ते उठले, शेजारच्या फॉरेस्टव्हिलला गेले, आणि त्याच वर्षी जुलैत एअरबॉय हे कॉमिक सुरू केलं, १६ पानं, ५० सेंट, दर पंधरा दिवसांनी. पूर येऊन पाच महिने झाले होते. मी साताऱ्याची आहे, कृष्णेचं पाणी घरात शिरलेली माणसं जवळून पाहिलीत, पुरानंतर पाच महिन्यांत माणूस भिंतीचा ओलावा वाळायची वाट बघत असतो.

दुसरं कारण म्हणजे सगळ्या धंद्याचीच रचना. कॉमिक्सची दुकानं दोन-तीन महिने आधी ऑर्डर द्यायची आणि उरलेला माल परत करता यायचा नाही. प्रकाशकाला हे बरं, कारण किती छापायचे ते आधी कळतं, आणि या पद्धतीमुळेच एवढे छोटे प्रकाशक उभे राहू शकले. पण मग दुकानदार घाबरून कमी मागवतो, अंक उशिरा आला की पुढच्या वेळी अजून कमी, आणि मध्ये एखादा वितरक बुडाला की त्याच्याकडचे पैसे पण गेले. निंजा टर्टल्स या ब्लॅक अँड व्हाइट कॉमिकचं यश बघून १९८६ ला ब्लॅक अँड व्हाइट कॉमिक्सचा नुसता पाऊस पडला, दुकानांनी आंधळेपणाने भरलं आणि १९८७ ला सगळं अंगावर आलं, चांगले-वाईट सगळेच भिजले. एक्लिप्स त्यातून पण काही वर्षं तगली, द हॉबिटचं चित्ररूप तर त्यांनीच काढलं आणि ते भरपूर खपलं, पण १९९४ च्या आसपास अंक यायचे थांबले आणि १९९५ ला दिवाळं. १९९६ ला टॉड मॅकफार्लेन या कॉमिक्सच्या चित्रकाराने उरलंसुरलं सगळं २५,००० डॉलरला घेतलं. तेवढ्या पैशात तेव्हा एक बऱ्यापैकी गाडी आली असती. मला हे वाचून किती वाईट वाटलं होतं काय सांगू.

खोक्यातल्या बाकीच्यांबद्दल भराभर सांगते. पॅसिफिक सॅन डिएगोची, शेन्स बंधूंची, १९८१ ला कर्बीचं कॅप्टन व्हिक्टरी काढलं, डेव्ह स्टीव्हन्सचा रॉकेटियर यांच्याकडेच १९८२ ला पहिल्यांदा आला, आणि १९८४ ला बंद. फर्स्ट १९८३ ची, शिकागोकडची, हॉवर्ड चेकिनचं अमेरिकन फ्लॅग जरूर घ्या, त्यात आवाजाची अक्षरं आणि जाहिरातींच्या पाट्या चित्रातच अशा विणल्यात की पान वाचायला दहा मिनिटं लागतात. फर्स्टनेच लोन वुल्फ अँड कब, भटक्या सामुराई बापाची आणि त्याच्या पोराची जपानी गोष्ट, १९८७ ला इंग्रजीत आणलं, ४५ अंक काढले आणि १९९१ ला कंपनीच संपली, बाप आणि पोर रस्त्यातच राहिले. पूर्ण गोष्ट वाचायला मला २००० साल उजाडेपर्यंत थांबावं लागलं, डार्क हॉर्स या प्रकाशकाने २८ खंडांत काढली तेव्हा. कोमिको पेनसिल्व्हेनियाची, मॅट वॅग्नरचं मेज चांगलंय, त्यांनी दुकानांबाहेर न्यूजस्टँडवर माल टाकला, तिथे उरलेला परत येतो, तो ढिगाने परत आला आणि १९९० ला दिवाळं.

घेताना काय बघायचं: मागे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी एअरबॉयचे ३० अंक मागवले, फोटो एकदम स्वच्छ, आणि आले ते खालच्या कोपऱ्याला पाण्याचे डाग आणि कुबट वास असलेले. परत घेतले नाहीत. आता मी पिनेजवळचा फोटो मागते, पिनेला गंज असेल तर कागदाने पाणी प्यायलंय हे नक्की. प्लास्टिकच्या पिशव्या जुन्या असतील तर लगेच बदला आणि मागचा पुठ्ठा पण, जुना पुठ्ठा कागद पिवळा करतो. शक्य असेल तर जत्रेसारखे कॉमिक्सचे मेळावे भरतात तिथे जाऊन टेबलाखालची खोकी उपसा, गुडघे दुखतील, पण एक-एक डॉलरला स्काउट आणि झॉट मिळतात. टिमथी ट्रूमनचं स्काउट पण वाचण्यासारखं आहे, उद्ध्वस्त झालेली अमेरिका आणि त्यात एक अपाची नायक.

ज्यांच्याकडून खोका घेतला त्या आजोबांनी प्रत्येक पिशवीवर पेन्सिलीने तारीख घातलीये, कधी घेतला त्याची. झॉटच्या एका अंकावर १९८८ चा नोव्हेंबर आहे, त्याच महिन्यात मी पण तो घेतला असणार, लाँड्रोमॅटशेजारच्या दुकानातून. माझी ती प्रत घर बदलताना हरवली होती.

झॉटचे १९ ते २३ मात्र अजून माझ्याकडे नाहीत. कोणाकडे जास्तीचे असतील तर सांगा, बदल्यात एअरबॉयचे डबल झालेले ११ अंक आणि कामुईचे पहिले ४ देते, पोस्टाचा खर्च माझा.