उदमांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर: कोकणात वापरताना

मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर कांडेचोराच्या, म्हणजे उदमांजराच्या पोरक्या पिल्लांनाही बऱ्यापैकी मानवते. गाईच्या दुधातल्या लॅक्टोजने लागणारी हगवण टळते, हा मोठा फायदा. पावडर चाळून कोमट पाण्यात कालवा. गुठळी राहिली की निपल तुंबतं.

सोबतची बाटली मात्र अजिबात पसंत नाही. उलटी धरली की थेंब पडायच्या जागी धार लागते. ते दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. त्यापेक्षा २ मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या. पिल्लू पालथंच धरायचं, उताणं कधीच नाही. अंग गार असेल तर आधी ऊब, मग दूध. एका वेळी वजनाच्या ५ टक्के, म्हणजे २०० ग्रॅमच्या पिल्लाला १० मिली. नंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा, त्याशिवाय बारकं पिल्लू शी-शू करत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पावसात डबा उघडा राहिला की पावडरीचा दगड होतो. घट्ट झाकणाची बरणीच हवी.

हे सगळं वन विभागाला १९२६ वर कळवून, त्यांच्या सांगण्यानुसारच. माळ्यावर सापडलेलं धडधाकट पिल्लू रात्रभर तिथेच राहू द्या, आई येऊन नेऊ शकते. आणि कृपा करून लळा लावू नका. माणसाळलेलं उदमांजर फणसावर चढायचं सोडून पडवीत येतं, तिथे कुत्री असतात.