कम्प्लायन्स टूल आठ महिने वापरल्यावर: डॅशबोर्ड हिरवागार आहे, पण…

कम्प्लायन्स टूल, म्हणजे कंपनी सुरक्षेचे ठरलेले नियम पाळते का ते तपासून पुरावे गोळा करणारं सॉफ्टवेअर, घेऊन आठ महिने झाले. टूलचं नाव मुद्दाम लिहित नाही, या जातीची सगळी टूल्स थोड्याफार फरकाने हेच करतात. क्लाउड अकाउंट, कोड रिपॉझिटरी, एचआरचं सॉफ्टवेअर जोडून द्यायचं, मग ते रोज आपलं आपण बघत बसतं की एमएफए (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) चालू आहे का, लॅपटॉपची डिस्क एनक्रिप्टेड आहे का, नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन बंद झालं का.

आधी आमचं सगळं एक्सेलमध्ये. माहितीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ २७००१, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीतले ९३ कंट्रोल्स म्हणजे सुरक्षेचे उपाय (२०१३ वाल्यात ११४ होते, पण खूश होऊ नका, बरेचसे नुसते एकत्र केलेत) आणि प्रत्येकापुढे स्क्रीनशॉटची लिंक. ऑडिट जवळ आलं की पंधरा दिवस अख्खी टीम स्क्रीनशॉट काढत बसायची. ते बंद झालं, त्याचे पैकीच्या पैकी मार्क.

आता रडगाणं. बॅकअपचा कंट्रोल रोज हिरवा. तिसऱ्या महिन्यात सहज एकदा बॅकअपमधून डेटा परत आणून (रिस्टोअर) बघितला तर डेटाबेस उघडेचना, एनक्रिप्शनची किल्ली मधे कधीतरी बदललेली आणि जुनी कुठे ठेवली ते कुणालाच माहीत नाही. टूल खोटं बोललं नाही हं, त्याला विचारलं होतं जॉब पूर्ण झाला का, तो रोज होत होता. आता दर तिमाहीला कुणीतरी बसून खरोखर रिस्टोअर करतं आणि किती वेळ लागला ते लिहितं.

दुसरं, एकच पुरावा सगळ्या स्टँडर्डना चालतो हे सेल्सवाले सांगतात ते अर्धंच खरं. पीसीआय डीएसएसला (कार्ड पेमेंटच्या डेटाचं सुरक्षा स्टँडर्ड) लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये कुणी काय केलं त्याच्या नोंदी, १२ महिने ठेवावे लागतात, त्यातले शेवटचे ३ महिने लगेच बघता आले पाहिजेत. आयएसओ आकडा देत नाही, तुम्हीच ठरवा म्हणतं. टूलने दोन्ही एकाच टेस्टला जोडलेले, ९० दिवसांचे लॉग होते तरी दोन्हीकडे टिकमार्क! आम्हीच पकडलं म्हणून बरं.

सगळ्यात कामाचं निघालं ते एक्सेप्शनचं रजिस्टर (नियम पाळणं तूर्त जमत नाही अशा गोष्टींची यादी), ज्याची डेमोत कुणी साधी आठवणही काढली नव्हती. आमचा एक सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपलेला, आणि एक्सेलमध्ये त्याच्यापुढे कायम 'तात्पुरतं' लिहिलेलं. इथे जबाबदार माणसाचं नाव आणि शेवटची तारीख टाकल्याशिवाय सेव्हच होत नाही, तारीख उलटली की मेल थेट साहेबांना. तीनदा मुदत वाढवली, चौथ्यांदा साहेबांनी विचारलं हे काय चाललंय, आणि इतके दिवस अडलेलं मायग्रेशन (नव्या सिस्टीमवर जाणं) दोन आठवड्यांत झालं.

ॲक्सेस रिव्ह्यू (कुणाला कशाची परवानगी आहे ते मॅनेजरने तपासणं) मात्र जैसे थे. एका मॅनेजरने चाळीस नावं दीड मिनिटात अप्रूव्ह केली, वेळेची नोंद आहे.

रिन्यू करायचा विचार आहे, पण आधी विचारलंय की सगळे पुरावे तारखांसकट एक्सपोर्ट होतात का. आयएसओचं सर्टिफिकेट तीन वर्षांचं, मधे दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट, उद्या टूल बदललं तर जुनं कुठून आणायचं? सपोर्टचं उत्तर अजून आलेलं नाही.