युअर्स फेथफुली की युअर्स सिन्सिअरली?

बडोद्याच्या दांडिया बाजारातली आपली मुलं मकरपुऱ्याच्या एखाद्या कंपनीत अर्ज धाडायला बसली की मजकूर भराभर लिहितात आणि अडतात शेवटच्या दोन शब्दांवर. मराठी अर्जात खाली 'आपला विश्वासू' लिहिलं की भागतं, समोर कोणी का असेना. इंग्रजीत मात्र खालची ओळ वरच्या ओळीवर ठरते.

ब्रिटिश रीत अशी: वर नुसतं 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल तर खाली 'युअर्स फेथफुली'. वर 'डिअर मिस्टर पटेल' असं नाव घातलं असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. 'सर' आणि 'सिन्सिअरली' हे दोन 'एस' एका पत्रात नांदत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अमेरिकेत हा भेद पाळत नाहीत. तिथे सगळीकडे 'सिन्सिअरली' चालतं आणि 'फेथफुली' क्वचितच दिसतं. म्हणजे लंडनला लिहिताना एक आणि न्यू जर्सीला लिहिताना दुसरं.

माझं विचाराल तर साहेबाचं नाव आधी शोधून काढा आणि 'सिन्सिअरली' लिहा. नावाने आलेलं पत्र वाचणाऱ्याला आपल्यासाठीच आल्यासारखं वाटतं. बडोद्यात ओळखीत 'डिअर रमेशभाई' खपून जातं, त्याखालीही हेच शोभतं. 'डिअर मिस्टर रमेश' मात्र नको. मिस्टरपुढे आडनाव हवं. नाव मिळालंच नाही, तर 'फेथफुली'त कमीपणा काही नाही.

'युअर्स ओबीडियंटली' शाळेच्या रजेच्या अर्जापुरतं ठेवा. गोऱ्या साहेबाच्या काळात 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' असं लिहून सही करत, त्याचंच हे उरलेलं शेपूट. नोकरी मागायची आहे, चाकरी नव्हे.

कोणतंही निवडलंत तरी लिहिताना जपा. 'युअर्स'चा वाय मोठा, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान. 'युअर्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी नाही. 'सिन्सिअरली'त आरनंतरचा ई बरेच जण गिळतात, तसा 'फेथफुली'तला दुसरा एल. शेवटी स्वल्पविराम, मग सही.

ईमेलला ही दोन्ही जरा जड होतात. तिथे 'रिगार्ड्स' किंवा 'काइंड रिगार्ड्स' बरं. पण अर्ज पीडीएफ करून सोबत जोडणार असाल, तर त्या अर्जाखाली 'फेथफुली' किंवा 'सिन्सिअरली', आणि मेलमध्ये 'रिगार्ड्स'.