खेळाडूचा प्रवेश-निबंध: विषय मैदानावरचा की मैदानाबाहेरचा?

अमेरिकी विद्यापीठांच्या कॉमन अ‍ॅप अर्जात (अनेक विद्यापीठांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) मुख्य निबंधाला 250 ते 650 शब्द मिळतात. खेळाडू मुलं साहजिकच खेळावर लिहायला बसतात. पण त्याच अर्जात उपक्रमांच्या जास्तीत जास्त 10 नोंदी करता येतात. कप्तानपद, पदकं, आठवड्याचे सरावाचे तास तिथेच येऊन जातात. निबंधात तेच पुन्हा आलं, तर वाचणाऱ्याला नवं काही कळत नाही.

खेळच निवडला, तर दुखापत, पुनरागमन आणि अंतिम सामना हा साचा टाळा. नाव झाकलं की तो निबंध कुणाचाही वाटतो. एकच बारीक क्षण घ्या. उदाहरणार्थ, राखीव बाकावरून प्रतिस्पर्धी गोलकीपरची कुठली सवय टिपली आणि त्यातून निरीक्षणाची कोणती पद्धत लागली. सामन्याचं वर्णन 100 शब्दांत आटपा, उरलेली जागा विचारांना द्या.

बहुतेकांना आम्ही मैदानाबाहेरचाच विषय सुचवू: सायकलदुरुस्ती, घरातल्या दोन भाषा, आजीसोबतचं वाचन. खेळ अर्जात इतरत्र दिसतोच, इथे माणूस दिसतो. धोका एकच: निबंध तुमच्याऐवजी आजीचा होतो. मसुद्यात ‘मी ठरवलं’, ‘मी बदललं’ अशी वाक्यं किती आहेत ते मोजा. दोन-तीनच निघाली, तर पुन्हा लिहा.