अ‍ॅन्सिबल की नॉर्निर? स्विच-राउटरच्या ऑटोमेशनला काय घ्यावं

पन्नासेक स्विच झाले की पुटी (दूरच्या डिव्हाइसवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) उघडून एकेकात लॉगिन करून व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी विभाग) टाकत बसणं म्हणजे निव्वळ हमाली, मग ऑटोमेशनला पर्याय नाही. त्यासाठीची दोन टूल्स म्हणजे अ‍ॅन्सिबल आणि नॉर्निर.

अ‍ॅन्सिबल २०१५ पासून रेड हॅटकडे आहे. डिव्हाइसवर काही इन्स्टॉल करायचं नाही, एसएसएच (सुरक्षित रिमोट लॉगिन) चालू असलं की झालं, आणि प्लेबुक (करायच्या कामांची यादी) यामल या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये असल्यामुळे कोडिंगची धास्ती असलेलेही पटकन रुळतात. पण मेख अशी की सिस्को आयओएसचं (सिस्कोच्या स्विच-राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) कॉन्फिग मॉड्यूल तुमच्या ओळी रनिंग कॉन्फिगशी (डिव्हाइसवर आत्ता चालू असलेल्या सेटिंगशी) जशाच्या तशा ताडून बघतं, म्हणजे तुम्ही सवयीने 'डिस्क्रिप्शन'ऐवजी नुसतं 'डेस्क' लिहिलंत की बदल काही नसतानाही दरवेळी 'चेंज्ड' दाखवणार! पूर्ण कमांडच लिहा बाबांनो. आणि यामलमध्ये लूपच्या आत लूप, त्यात अटी सुरू झाल्या की डोकं पार आउट होतं.

नॉर्निर म्हणजे सरळ पायथन. अडलं तर डीबगर (कोडमधली चूक शोधायचं टूल) लावा, हवं तिथे थांबवा, व्हेरिएबल बघा. डिव्हाइसशी बोलायला नेटमिको किंवा नेपाम ही पायथन लायब्ररी जोडायची. डिफॉल्टला २० थ्रेड, म्हणजे एकाच वेळी २० डिव्हाइसवर काम; त्याच कामाचे अ‍ॅन्सिबलचे फोर्क फक्त ५ (वाढवता येतात म्हणा).

माझं मत विचाराल तर टीममध्ये पायथनवाला एकटाच असेल तर अ‍ॅन्सिबल घ्या, तो नोकरी सोडून गेला की त्याच्या स्क्रिप्टला कोणी वाली राहत नाही. तीन-चार जणांना पायथन येत असेल तर मात्र बिनधास्त नॉर्निर.