शोम्बर्ग केंद्र, हार्लेम: कॅरिबियन वारसा आणि विद्यार्थ्यांच्या पदरी काय पडते

न्यूयॉर्कमध्ये १३५व्या रस्त्याच्या सबवे स्थानकाबाहेर पडले की शोम्बर्ग केंद्र लागते. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या, सार्वजनिक ग्रंथालयाच्या या संशोधन शाखेत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मात्र केवळ प्रेक्षणीय स्थळ म्हणून येणाऱ्याचा हिरमोड होण्याचा संभव आहे, कारण प्रदर्शनाची दालने मोजकीच असून खरा ऐवज वाचनकक्षांत आहे.

तो जमवणारे आर्तुरो शोम्बर्ग १८७४ मध्ये कॅरिबियनमधील प्वेर्तो रिकोत जन्मले; त्यांची आई तिथल्याच सेंट क्रॉय या दुसऱ्या बेटाची. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे लहानपणी एका शिक्षिकेने त्यांना सुनावले होते, असे सांगतात. पुढे न्यूयॉर्कच्या एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करता करता त्यांनी त्याला पुराव्यानिशी उत्तर देता येईल एवढी पुस्तके, हस्तलिखिते आणि चित्रे गोळा केली. १९२६ मध्ये कार्नेगी संस्थेच्या १०,००० डॉलरमधून ग्रंथालयाने हा संग्रह विकत घेतला, तर त्या पैशांतून हे गृहस्थ आणखी कागद धुंडाळायला युरोपात गेले! वारशाचा अभिमान मिरवणुकीत आणि झेंड्यांत दिसतो तसा तो इथे दिसत नाही. इथे तो खोक्यांत, क्रमांक लावून ठेवलेला आहे, आणि मला तो अधिक भरवशाचा वाटतो. जेकब लॉरेन्स या तरुण चित्रकाराने हैतीच्या क्रांतीचा नायक तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्यावरील ४१ चित्रांची मालिका १९३८ मध्ये पूर्ण केली, ती याच ग्रंथालयात वाचन करून.

इमारतीत शिरल्यावर पायाखालची फरशी अवश्य पाहावी. तिच्यावर नद्यांच्या रेषा आणि वर्तुळे कोरलेली असून त्याखाली कवी लँगस्टन ह्यूज यांच्या अस्थी पुरल्या आहेत. लोक तिच्यावरून बिनधास्त ये-जा करतात. आपल्याकडचा माणूस मात्र नकळत कडेने जाईल.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पाहता, ११ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी शनिवारी भरणारा मोफत इतिहासवर्ग हा या केंद्राचा सर्वांत स्तुत्य उपक्रम आहे. निवासी अभ्यासवृत्ती नावाजलेली आहे, परंतु ती प्रामुख्याने संशोधनात मुरलेल्यांसाठी आहे. महाविद्यालयाच्या शुल्काची तजवीज करू पाहणाऱ्या जमैकन किंवा गयानीज कुटुंबातील मुलाला तिचा थेट उपयोग नाही. एवढा संग्रह हाताशी असताना पदवीच्या पहिल्या वर्षापासून थोडी तरी आर्थिक मदत असावी, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात आले, ते इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे १९४६ मध्ये त्यांनी ज्यांना पत्र लिहिले, त्या अमेरिकन कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांचे वडील कॅरिबियनमधल्याच हैतीत जन्मलेले होते. त्यामुळे कोलंबिया पाहायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने अर्धा दिवस राखून इकडेही यावे. दुर्मीळ कागदपत्रे पाहायची असल्यास आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि रविवारी केंद्र बंद असते.