दुसऱ्या-चौथ्या शनिवारची शाळा : एका मार्गदर्शन उपक्रमाविषयी अभिप्राय

जिल्हा परिषद शाळांतील मुलांना अभ्यासात मदत करण्यासाठी स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका संस्थेबरोबर मी गेल्या शैक्षणिक वर्षात काम केले. बँकेत नोकरी असल्याने दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा मिळतो आणि शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे बीडहून पाटोदा तालुक्यातील एका गावी जाणे जमले. असे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

संस्थेचे दोन दिवसांचे प्रशिक्षण खरोखर उत्तम आहे. मूल कोणत्या इयत्तेत बसते यापेक्षा त्याला काय येते ते पाहावे, आणि चुकलेले उत्तर खोडण्याआधी ते कसे काढले हे विचारावे, असे तेथे शिकवतात. दुसऱ्याच भेटीत मला याचा उपयोग झाला. पाचवीतल्या एका मुलीने ४०३ मधून १७८ वजा करून ३७५ लिहिले होते. विचारल्यावर ती म्हणाली, "सर, शून्यातून सात जाईना गेले, मग सातातून शून्य काढला." प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचा, असा नियम तिने मनाशी ठरवला होता. हातचा पुन्हा समजावण्याऐवजी मी कागदाच्या नोटा केल्या. दुकानात सुट्टे आणायला ती नेहमी जात असल्याने शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यांतली एक मोडून दहा रुपये सुट्टे, हे तिला सांगावे लागले नाही. २२५ तिने स्वतःच काढले आणि मग कोणी न सांगता ६०० मधून २४७ वजा करून दाखवले.

नोव्हेंबरमध्ये ती शाळेत नव्हती. ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेल्या आई-वडिलांबरोबर ती साखर कारखान्यावर गेली होती. माझ्या गटातल्या सातपैकी चार मुले अशीच ऊसतोडीला गेली. आजी-आजोबांजवळ राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होती, पण धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठ्या मुलीला सोबत नेतातच. माझी मुख्य तक्रार येथेच आहे. हा उपक्रम ऑक्टोबर ते मार्च चालतो, म्हणजे नेमका गळीत हंगामात. वेळापत्रक बदलावे असे मी संस्थेला दोनदा कळवले, तेव्हा ते सर्व जिल्ह्यांसाठी एकच असते, असे उत्तर आले. बीडसारख्या जिल्ह्यात काम जूनमध्ये, शाळा उघडताच सुरू झाले पाहिजे.

आठवीच्या मुलांसाठीही हेच लागू आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि तिच्या बौद्धिक क्षमता चाचणीचा सराव संस्था मन लावून घेते. परंतु त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि पालक उसाच्या फडावर गेल्यावर तहसीलला खेटे घालणार कोण? हे काम पावसाळ्यातच उरकून घ्यायला हवे. दर भेटीचे फोटो आणि अर्ज भरण्यात जाणारा अर्धा तासही वाचवता येईल.

तरीही नव्या स्वयंसेवकांनी या संस्थेत जरूर जावे. फक्त आपल्या गावातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कधी निघतात आणि कधी परततात, हे गुरुजींना आधी विचारून घ्यावे.

ती मुलगी परतली तेव्हा उपक्रम संपला होता. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी एप्रिलमध्ये दोनदा गेलो. वजाबाकी तिच्या चांगली लक्षात होती. भागाकार मात्र वर्गात होऊन गेला होता. तो आम्ही त्याच नोटांवर सुरू केला आहे.